शेतमालाच्या ऑनलाइन बाजारात विभाग किती असावेत आणि फिल्टर कोणते द्यावेत?

आपण विचारले आहे की, सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील शेतमाल, मसाले, अवजारे आणि वाद्ये विकणाऱ्या आपल्या संकेतस्थळावरील विभाग चाळिसाच्या पुढे गेले, तरी ग्राहकाला हवी ती वस्तू सापडत नाही. तर आणखी उपविभाग करावेत की शोधाला फिल्टर जोडावेत. सांगलीतच अशा एका ऑनलाइन बाजाराची वस्तुसूची मी सांभाळतो, म्हणून आपल्याच मालाची उदाहरणे घेऊन उत्तर देतो. विभाग निम्म्याहून कमी करावेत आणि फिल्टर, म्हणजे रंग, वजन असे निवडून यादी गाळून घेण्याचे पर्याय, जरूर द्यावेत. मात्र त्या दोन्हींच्या आधी, विक्रेता ज्या फॉर्मवर आपला माल नोंदवतो तो फॉर्म नव्याने आखावा. ग्राहकाला दिसणारा फिल्टर खरे तर त्या फॉर्मवरच तयार होतो.

विभाग आणि फिल्टर यांतला फरक ठरवताना मी एकच कसोटी लावतो. एखादा शब्द एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन वस्तूंना सारखाच लागू पडत असेल, तर तो विभाग होऊ शकत नाही. ‘सेंद्रिय’ हा शब्द गुळालाही लागतो आणि हळदीलाही. ‘भेटवस्तू’ हा कंदी पेढ्यालाही लागतो आणि लहान तंबोऱ्यालाही. ‘तासगाव’ हे तर मालाचे ठिकाण आहे. हे सगळे फिल्टरचे शब्द आहेत. वस्तू मुळात काय आहे आणि ती कशासाठी घेतली जाते, एवढेच विभागाने सांगावे. हळकुंड आणि हळद पावडर मसाल्यांत जातील, पण लागवडीसाठी विकले जाणारे जेठे गड्डे बेण्याच्या विभागातच गेले पाहिजेत, कारण ते घेणारा शेतकरी वाण आणि उगवण पाहतो, तर मसाला घेणारे कुटुंब वजन आणि दर पाहते. नाव एक असले तरी विचारायचे प्रश्न वेगळे असतील, तर विभागही वेगळा ठेवावा.

काही जण जीएसटीच्या एचएसएन क्रमांकांवरून, म्हणजे करासाठी मालाचे वर्गीकरण करणाऱ्या क्रमांकांवरून, विभाग पाडतात. तो मोह टाळावा. शीर्षक क्रमांक ०८०६ मध्ये ताजी द्राक्षे आणि बेदाणा एकत्र येतात, तर ०९१० मध्ये आले, केशर आणि हळद शेजारी बसतात; करआकारणीला ते सोयीचे असले तरी ग्राहक तसा विचार करत नाही. हा क्रमांक प्रत्येक वस्तूच्या नोंदीत जरूर असावा, पण पडद्यामागे.

एका वस्तूचा सातबारा एकच असावा, म्हणजे तिचा मूळ विभाग एकच असावा. ती आणखी चार ठिकाणी दाखवायची असेल, तर तिथे तिची नवी नोंद न करता मूळ नोंदीकडे नेणारा दुवा द्यावा. विक्रेत्याला दोन-तीन विभाग निवडण्याची मुभा दिली की तो सगळेच निवडतो, आणि मग शोधात एकच बेदाणा चार वेळा दिसू लागतो.

आता बेदाण्याचेच उदाहरण सविस्तर घेऊ. रंग (हिरवा, पिवळा, काळा), द्राक्षाचा वाण (थॉम्पसन, सोनाका, माणिक चमन इत्यादी), मण्याचा आकार, गंधकाची धुरी दिली आहे की नाही, पुड्याचे वजन आणि किलोमागे दर, एवढे सहा गुणधर्म पुरेसे आहेत. यांतला एकही विक्रेत्याला मोकळ्या चौकटीत लिहू देऊ नये. मोकळी चौकट दिली की एक जण ‘पाव किलो’ लिहितो, दुसरा ‘२५० ग्रॅ.’ आणि तिसरा ‘०.२५ किलो’, मग वजनाच्या फिल्टरमध्ये एकाच पुड्याचे तीन पर्याय तयार होतात. वजन नेहमी ग्रॅममध्ये अंकाने घ्यावे आणि किलोमागचा दर संगणकाने काढावा. निव्वळ किमतीचा फिल्टर शेतमालाला फारसा उपयोगी पडत नाही, कारण १०० ग्रॅमचा महाग पुडा त्यात स्वस्त म्हणून वर येतो. गंधकाची माहिती मात्र विक्रेत्याच्या आठवणीवर सोडू नये: अन्नपदार्थात सल्फाइटचे प्रमाण किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा अधिक असल्यास ते वेष्टनावर लिहिण्याचे बंधन आहे, म्हणून वेष्टनाचे छायाचित्र मागवून त्यावरूनच ती नोंद भरावी.

हीच दक्षता ‘सेंद्रिय’ आणि ‘भौगोलिक मानांकन’ (विशिष्ट प्रदेशाच्या मालालाच ते नाव वापरू देणारी नोंदणी, म्हणजे जीआय) या दोन फिल्टरना अधिक लागते. सेंद्रिय अन्नाविषयीच्या २०१७ च्या नियमांनुसार, थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला दिलेली सूट सोडली, तर एनपीओपी (त्रयस्थ संस्थेकडून तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम) किंवा पीजीएस-इंडिया (शेतकरी गटांनी एकमेकांची तपासणी करण्याची पद्धत) यांपैकी एका पद्धतीचे प्रमाणपत्र आवश्यक असते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण सांगलीच्या पेठेत बाहेरच्या जिल्ह्यांतून आणि कर्नाटकातूनही हळद येते, त्यामुळे सांगलीत विकली गेलेली प्रत्येक हळद ही मानांकित सांगली हळद ठरत नाही. या दोन्ही ठिकाणी विक्रेत्याला नुसती खूण करू न देता सेंद्रिय प्रमाणपत्राचा किंवा मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून झालेल्या नोंदणीचा क्रमांक मागावा आणि तो तपासल्यावरच वस्तू त्या फिल्टरखाली यावी.

प्रत्येक विभागाचे फिल्टर वेगळे असतात, हे ओघाने आलेच. सतारीला भोपळा, लाकूड, तारांची संख्या आणि डावखुऱ्या वादकासाठीची बांधणी हवी. तिथे वजनाचा फिल्टर दिसला, तर ग्राहकाचा सगळ्याच मांडणीवरचा विश्वास उडतो.

फिल्टर केव्हा दाखवावा, याचा माझा नियम कडक आहे: विभागातील दहापैकी किमान नऊ वस्तूंत तो गुणधर्म भरलेला असेल, तरच तो फिल्टर दाखवावा. ग्राहकाने ‘सोनाका’ निवडले की वाण न भरलेला सगळा माल नाहीसा होतो, आणि त्यातला निम्मा सोनाकाच असू शकतो. फिल्टरच्या आतले पर्याय ‘किंवा’ने आणि दोन वेगळे फिल्टर ‘आणि’ने जोडावेत, हिरवा आणि पिवळा दोन्ही निवडले तर दोन्ही दिसावेत, पण सोबत ५०० ग्रॅम निवडले तर तेवढ्याच वजनाचे. पर्यायापुढे वस्तूंची संख्या द्यावी आणि ती मोजताना त्याच फिल्टरमधली निवड बाजूला ठेवावी, नाही तर ‘हिरवा’ निवडताच ‘पिवळा’समोर शून्य दिसू लागते.

शोधपेटीचे काम याहून किचकट आहे, कारण लोक मराठीत आणि रोमन लिपीत मिसळून लिहितात. बेदाणा, मनुका, किसमिस, गूळ, गुळ, हळद, हल्दी, यांची समानार्थी यादी हातानेच करावी लागते. विभक्तीमुळे ‘बेदाण्याचा पुडा’ लिहिले की ‘बेदाणा’ जुळत नाही, तेव्हा सामान्यरूपेही यादीत घ्यावीत. शिवाय ‘सुऱ्या’सारख्या शब्दातला ‘ऱ्य’ दोन प्रकारे टंकला जातो: एक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून, दुसरा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र नाहीत, आणि युनिकोड या अक्षरसंकेताची सारखी रूपे एक करण्याची नेहमीची पद्धतही त्यांना एक करत नाही. म्हणून साठवतानाच एक रूप दुसऱ्यात बदलून घ्यावे. ज्या शोधांना शून्य उत्तर मिळाले त्यांची नोंद दर आठवड्याला वाचावी. समानार्थी यादी वाढते ती त्यातूनच.

तांत्रिक बाजूची एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा. सहा फिल्टर आणि प्रत्येकी पाच पर्याय असतील, तर प्रत्येकात एक किंवा काहीच न निवडण्याचे ४६,६५६ प्रकार होतात. त्या प्रत्येकाला वेगळा वेबपत्ता मिळाला, तर गूगलचा शोधयंत्रमानव, म्हणजे शोधासाठी पाने वाचत फिरणारा प्रोग्राम, त्यातच फिरत राहतो. ‘हिरवा बेदाणा’सारख्या, लोक खरोखर शोधतात त्या मोजक्या जोड्यांना स्वतंत्र पाने द्यावीत आणि बाकीच्या पत्त्यांचे खरे पान मूळ विभागाचेच आहे, असे शोधयंत्राला पानाच्या कोडमधून कळवावे. विभाग एकत्र करताना जुने पत्ते कायमस्वरूपी नव्याकडे वळवावेत.

सुरुवात एकाच विभागापासून करावी, आणि ज्यात माल व विक्रेते सर्वाधिक आहेत तो विभाग घ्यावा. आपल्याकडे तो बहुधा बेदाणा किंवा हळद असेल. त्याचा फॉर्म बदलून जुन्या नोंदी विक्रेत्यांकडून भरून घ्या. त्या भरेपर्यंत फिल्टर बंद ठेवा आणि पुढचा विभाग हाती घेऊ नका.