कुबरनेटीसवर पोस्टग्रेसचा क्लस्टर चालवावा का? नोड पडला तर डेटा जातो का?

तुम्ही नांदेडहून विचारलंय: चौघांची टीम आहे, ॲप कुबरनेटीसवर (अनेक मशीनवर मिळून प्रोग्रॅम चालवणारी व्यवस्था) चालतं, पोस्टग्रेस हा डेटाबेस मात्र बाहेर एका सर्व्हरवर आहे. तो आत आणायचाय. स्टेटफुलसेट (डेटा ठेवणारे प्रोग्रॅम चालवायची कुबरनेटीसची सोय) स्वतः लिहावा की ऑपरेटर (डेटाबेस सांभाळणारा तयार प्रोग्रॅम) घ्यावा, आणि एखादा नोड, म्हणजे त्यातलं एक मशीन, पडला तर डेटा जाईल का?

मी जालन्यात मोंढ्यातल्या आडत दुकानांच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर सांभाळतो. आमचा डेटाबेस कुबरनेटीसवरच आहे, म्हणून अनुभवाचं सांगतो. आत आणा, पण ऑपरेटरच घ्या. स्टेटफुलसेट हातानं लिहून त्यावर हिशोबाचा डेटा ठेवू नका.

स्टेटफुलसेट वाईट आहे असं नाही. २०१७ च्या शेवटी, कुबरनेटीसच्या १.९ आवृत्तीत, तो स्थिर झाला. प्रत्येक पॉडला (प्रोग्रॅम ज्यात चालतो त्या डब्याला) कायमचं नाव आणि स्वतःची डिस्क देणं, हे काम तो चोख करतो. पण त्याला पोस्टग्रेस कळत नाही. तीन पॉडमधला मुख्य कोण, मागं कोण पडलंय, मुख्य गेला तर कुणाला पुढं करायचं, यातलं काहीच त्याला माहीत नसतं. तुमच्या नोडच्या प्रश्नाचं उत्तर तर फारच बोचरं आहे. नोडचा संपर्क तुटला की साधारण पाच मिनिटांनी त्यावरचा पॉड 'टर्मिनेटिंग' दिसू लागतो आणि तिथंच अडकतो. तो खरंच मेला की फक्त नेटवर्क तुटलं, हे कळत नाही, म्हणून त्याच नावाचा दुसरा पॉड उभा केला जात नाही. हे बरोबरच आहे. एका डिस्कवर दोघं लिहू लागले तर डेटाची माती होते. पण तोवर तुमचा डेटाबेस बंद, आणि रात्री दोन वाजता निर्णय तुमच्या डोक्यावर.

ऑपरेटर म्हणजे हे निर्णय ज्याला शिकवून ठेवलेत असा प्रोग्रॅम. ही कल्पना कोअरओएस या कंपनीनं २०१६ मध्ये मांडली. पोस्टग्रेससाठी आज दोन-चार चांगले ऑपरेटर आहेत. मी क्लाउडनेटिव्हपीजी वापरतो. झलांडो कंपनीचा ऑपरेटर पेट्रोनीवर (पोस्टग्रेसचा मुख्य ठरवणारं साधन) चालतो, तोही चांगला आहे. क्लाउडनेटिव्हपीजी स्टेटफुलसेट वापरतच नाही, पॉड आणि डिस्का स्वतः सांभाळतो. क्लस्टर बनवायला दहा-बारा ओळींचं यॅमल (सेटिंगची साधी फाइल) पुरतं: नाव, तीन इन्स्टन्स (डेटाबेसच्या तीन प्रती, त्यातली एक मुख्य), डिस्कचा आकार. मग 'आरडब्ल्यू' (लिहायला-वाचायला) आणि 'आरओ' (फक्त वाचायला) शेपटीच्या सर्व्हिस, म्हणजे जोडणीचे पत्ते, तयार मिळतात. ॲप 'आरडब्ल्यू'ला जोडायचं. मुख्य पडला की ऑपरेटर सगळ्यात पुढं असलेल्या प्रतीला मुख्य करतो, आणि ती सर्व्हिस आपोआप नव्या मुख्याकडं वळते.

आता डेटा जातो का? यासाठी पोस्टग्रेस लिहितो कसा ते लक्षात घ्या. आडतीवर आधी कीर्द (रोजची नोंदवही) लिहितात, मग खतावणी. पोस्टग्रेसही प्रत्येक बदल आधी राइट-अहेड लॉगमध्ये म्हणजे वॉलमध्ये टाकतो, टेबलांच्या फायली नंतर. ही त्याची कीर्द. प्रतींकडं हीच कीर्द ओळीओळीनं पोचत राहते. मूळ सेटिंगमध्ये मुख्य डेटाबेस प्रतीकडं ओळ पोचण्याची वाट बघत नाही. म्हणजे मुख्य अचानक गेला तर मालाच्या विक्रीच्या शेवटच्या काही पट्ट्या, ज्या ॲपनं 'सेव्ह झाल्या' म्हणून दाखवल्या, त्या जाऊ शकतात. शेतकऱ्याच्या हातात पट्टी आहे आणि संगणकात नाही, हे मला चालणार नव्हतं. म्हणून आम्ही सिंक्रोनस प्रत चालू केली: निदान एका प्रतीनं ओळ लिहून घेतल्याशिवाय कमिट होत नाही. लिहिणं थोडं हळू होतं, तेवढं आम्ही मान्य केलं.

तीन प्रती तीन नोडवर आहेत का हेही तपासा. क्लाउडनेटिव्हपीजीत वेगवेगळे नोड घेण्याची अट मुळात 'जमलं तर' अशी असते, सक्तीची नसते. जागा कमी असली तर दोन प्रती एकाच नोडवर बसतात, आणि तुमच्या लक्षातही येत नाही. ती सक्तीची करून टाका. आणि तिन्ही नोड ऑफिसच्या एकाच खोलीत, एकाच इन्व्हर्टरवर असतील, तर आपल्याकडच्या विजेचा भरवसा तुम्हाला वेगळा सांगायला नको. माझ्या मते अशा वेळी तीन प्रतींपेक्षा बाहेर ठेवलेला एक बॅकअप जास्त मोलाचा.

बॅकअपबद्दल सविस्तरच सांगतो, कारण हे मी भोगलंय. ऐन सोयाबीनच्या आवकीत चाचणीचा क्लस्टर काढायला मी 'कुबेक्टल डिलीट क्लस्टर' ही क्लस्टर काढून टाकायची आज्ञा दिली. टर्मिनल खऱ्या क्लस्टरवर होतं, आणि नावं दोन्हीकडं सारखीच. तिन्ही पॉड गेले, पाठोपाठ तिन्ही डिस्काही. स्टेटफुलसेट काढला तरी डिस्का सहसा मागं राहतात. इथं मात्र डिस्कांची मालकी क्लस्टरकडं असते, तो गेला की त्याही जातात, आणि स्टोरेजची रिक्लेम पॉलिसी (डिस्क मोकळी झाली की तिचं काय करायचं ती सेटिंग) 'डिलीट' असेल तर आतला डेटाही. तीन प्रतींनी काहीच वाचवलं नाही. टेबलांमधला चुकीचा डिलीट असो की चुकीचा अपडेट, प्रती तोही इमानदारीनं उतरवून घेतात.

आम्ही वाचलो ते ऑब्जेक्ट स्टोरेजमधल्या (फायली ठेवायची वेगळी साठवण) बॅकअपमुळं: रोज रात्रीची पूर्ण प्रत, आणि त्यापुढची कीर्द सतत तिकडं जात होती. वॉलची एक फाइल १६ एमबीची असते. ती भरली नाही तरी हा ऑपरेटर मुळातच दर पाच मिनिटांनी ती पाठवायला लावतो, त्यामुळं शेवटच्या काही मिनिटांच्याच पट्ट्या कागदावरून पुन्हा भराव्या लागल्या. पण रिस्टोअर मी त्या दिवशी पहिल्यांदाच करत होतो. तो चालू क्लस्टरमध्ये होत नाही, बॅकअपवरून नवा क्लस्टर उभा राहतो, हे मला तेव्हा कळलं. नव्या क्लस्टरची कीर्द जुन्याच जागी लिहायला ऑपरेटरनं नकार दिला, त्यात आणखी वेळ गेला. अडीच तास दुकानांत हातानं पट्ट्या लिहिल्या गेल्या. माल घेऊन आलेली माणसं कट्ट्यांवर बसून होती. ते चित्र अजून डोळ्यासमोरून जात नाही.

त्यानंतर रिक्लेम पॉलिसी 'रिटेन' म्हणजे 'डिस्क ठेवून द्या' अशी केली, दोन्ही क्लस्टरची नावं वेगळी ठेवली, आणि क्लस्टर काढायचा अधिकार रोजच्या खात्यातून काढून टाकला. महिन्यातून एकदा बॅकअपवरून नवा क्लस्टर उभा करतो, कालच्या एका आडतीची बेरीज जुळवतो आणि तो काढून टाकतो.

बाकी दोन गोष्टी. पॉडसाठी मेमरीची रिक्वेस्ट (राखून ठेवलेली) आणि लिमिट (जास्तीत जास्त) सारखीच ठेवा, नाहीतर नोडवर ताण आला की डेटाबेसचा पॉड लवकर बळी पडतो. आणि पोस्टग्रेसची कनेक्शनची मूळ मर्यादा १०० आहे. ॲपचे पॉड वाढले की ती पटकन संपते, तेव्हा मध्ये पीजीबाउन्सर (थोडी कनेक्शन अनेकांत वाटून देणारा प्रोग्रॅम) लावा. ऑपरेटरमध्ये त्याची सोय आहे.

सध्याचा बाहेरचा सर्व्हर लगेच बंद करू नका. आधी आत क्लस्टर उभा करा, डेटा आणा, बॅकअप सुरू करा, आणि त्यावरून एक रिस्टोअर स्वतःच्या हातानं करून बघा. तो किती वेळात झाला ते इथं कमेंटमध्ये लिहा, डिस्कचा प्रकारही सांगा. मग पुढचं बोलू.