इंडोनेशियात आपला अर्जुन एवढा फेमस कसा?

प्रश्न : माझी मुलगी अकरावीला आहे, तिच्या मोबाईलवर सारख्या इंडोनेशियाच्या रील्स येतात. परवा एका जुन्या व्हिडिओत आपल्या महाभारत सिरीयलमधला अर्जुन, शाहीर शेख, आणि त्याला बघून तिथल्या पोरी नुसत्या रडतायत. तिथं तर बहुतेक लोक मुसलमान ना, मग महाभारताचं एवढं वेड कसं काय? आणि भाषा येत नसताना तिथलं काय बघता येईल?
– एक वाचक भगिनी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, स्टार प्लसचं 2013 चं महाभारत 2014 मध्ये तिथल्या एएनटीव्ही चॅनलनं त्यांच्या भाषेत लावलं आणि ते इतकं तुफान चाललं की इथल्या कलाकारांना तिकडं बोलावून कार्यक्रम केले, शाहीर शेखनं तर पुढं तिथल्या सिरीयलमध्ये पण काम केलं. पण हे वेड सिरीयलनं लावलं असं मला अजिबात वाटत नाही. जावा बेटावर 10 व्या शतकातच महाभारताची पर्वं तिथल्या भाषेत लिहिली गेली, नंतर धर्म बदलला पण गोष्टी घराघरात राहिल्या, आणि त्या त्यांनी आपल्या पद्धतीनं फिरवल्यात बरं का! त्यांच्याकडं द्रौपदी एकट्या युधिष्ठिराची बायको, आणि शिखंडी म्हणजे श्रीकंदी, ती चक्क अर्जुनाची बायको आणि पट्टीची धनुर्धर. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये तिथल्या तीन मुलींनी तिरंदाजीत रौप्य जिंकलं, देशाचं पहिलं ऑलिंपिक मेडल, तर लोक त्यांना श्रीकंदीच म्हणायला लागले.

आता बघायचं काय. तिथल्या रडक्या सिरीयली, त्यांना सिनेत्रोन म्हणतात, त्या सोडल्या तरी चालतील. यूट्यूबवर 'वायांग कुलित' शोधा, म्हणजे पडद्यावरच्या सावल्यांचा बाहुल्यांचा खेळ. म्हशीच्या कातड्याच्या कोरीव बाहुल्या, आपल्या पिंगुळीला चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ आहे ना त्याच घराण्यातलं म्हणा. पडद्यापुढं आडवं केळीचं खोड, त्यात ओळीनं बाहुल्या खोचलेल्या, आणि एकटा दलांग, म्हणजे बाहुल्या नाचवणारा सूत्रधार, मांडी घालून रात्रभर सगळ्यांचे आवाज काढतो, वर पायानं पितळी पत्रे वाजवून वादकांना इशारा पण तोच देतो. जावातल्या योग्याकार्ता शहराचे 'की' सेनो नुग्रोहो ('की' ही दलांगांची आदराची पदवी) मोठे दलांग, 2020 मध्ये गेले, कोरोनात गावोगावचे खेळ बंद पडले तेव्हा ते घरातून लाईव्ह करायचे. त्यांचे जुने खेळ नक्की बघा, माझे सगळ्यात आवडते तेच.

भाषेची काळजी करू नका, खेळातला 'गोरो-गोरो' हा विनोदी भाग शोधून लावा. मध्यरात्रीच्या सुमाराला सेमार आणि त्याची तीन पोरं गारेंग, पेत्रुक, बागोंग येतात आणि मग गाणी, टिंगल, गायिकांशी सवाल-जवाब, अगदी आपल्या तमाशातला सोंगाड्या. विष्णुदास भाव्यांनी 1843 ला सांगलीत नाटक उभं केलं तेव्हा विदूषक होताच की, त्यामुळं सांगलीकराला हे समजावून सांगावं लागत नाही. आणि सेमार नुसता नोकर नाही हं, तो मुळात देव आहे, पांडवांच्या घरी चाकरी करतो, म्हणून राजाला काय देवाला पण झापायची त्याला मुभा. आपल्या महाभारतात असं पात्रच नाही, आणि मला विचाराल तर तिथल्या महाभारतातली सगळ्यात भारी गोष्ट हीच आहे.

रेकॉर्डिंग सात-आठ तासांचं असतं, सुरुवातीची राजदरबारातली लांबलचक बोलणी पळवा आणि मुलीला घेऊन थेट मधूनच सुरू करा.