सत्ती-दुर्री आणि ते हसणं

"मॅडम, समोरचा बेफाम खेळतोय हे दिसत असताना त्याची मोठी बेट कॉल करायची का नाही?" कोल्हापूरचे एक बांधकाम कंत्राटदार पहिल्याच भेटीत हे विचारून बसले. (कॉल म्हणजे समोरच्याने लावले तेवढेच पैसे आपणही लावणं.) (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) महिन्यातून एकदा मित्रांसोबत पणजीला, मांडवीतल्या कॅसिनोत पोकर. झोप उडाली म्हणून बायकोने माझ्याकडे समुपदेशनाला पाठवलेलं.

त्या रात्री टेबलावर एक शेठ होता, काहीही हातात असलं तरी नोटा ढकलणारा. यांनी बरे पत्ते असूनही एकदा माघार घेतली. शेठने मुद्दाम पत्ते उलटून दाखवले: सत्ती-दुर्री, सुरुवातीला मिळणाऱ्या दोन पत्त्यांत पोकरमधला सगळ्यात भिकार हात. टेबल खो खो हसलं.

तासाभराने पुन्हा तेच दोघे. पॉट, म्हणजे मध्ये जमलेले पैसे, २०,००० चा, शेठने ३०,००० लावले. टेबलावरच्या सामाईक पत्त्यांत तीन बदाम, यांच्याकडे राजांची जोडी. यांनी डोळ्याचं पातं लवायच्या आत कॉल केला. शेठकडे दोन बदाम निघाले, म्हणजे एकूण पाच बदाम, जोडीपेक्षा वरचढ.

मला पोकर येत नाही. गणित त्यांनीच शिकवलं, माझ्याच पॅडवर. ३०,००० टाकून ५०,००० मिळणार, म्हणजे आठात तीनदा जिंकलं तरी बरोबरी. शेठ इतक्या वेळा थापा मारत असेल तर कॉल बरोबर. पण बेफाम माणसालाही पत्ते त्याच गड्डीतून मिळतात. हातात दोन राजे येण्याची शक्यता त्याला आणि तुम्हाला सारखीच, २२१ डावांत एकदा. हेसुद्धा त्यांनीच सांगितलं.

"मग त्या रात्री आठात किती धरले होते?"

बराच वेळ गप्प. "मोजलंच नाही. ते हसणं डोक्यात होतं."

कॉल चुकीचा होता असं मी म्हटलं नाही. गणिताने तो कदाचित बरोबरही असेल, आणि नुसता हरला म्हणून निर्णय वाईट ठरत नाही. (हे ऐकून बायको माझ्यावर नाराज झाल्या, मी नवऱ्याला दटावेन अशी त्यांची अपेक्षा होती.) मला खटकलं ते पुढचं. हरल्यावर त्यांनी सिमेंटवाल्याला द्यायचे ५०,००० काढले आणि पहाटेपर्यंत शेठसमोरून उठले नाहीत. गेलेले पैसे परत मिळवायला पुन्हा खेळणं हे जुगाराच्या विकाराच्या नऊ लक्षणांपैकी एक. वर्षभरात चार जुळली तर निदान होतं. यांची दोन जुळत होती. तेवढ्यावर शिक्का मारायचा नाही, पण दुर्लक्षही करायचं नाही.

ठरलं ते साधंच. खेळायचे पैसे रोख, आधी मोजलेले, कार्ड घरी. आणि मोठी बेट आली की मनात आकडा म्हणायचा, "आठात किती?" आकड्याऐवजी हसणं ऐकू आलं तर पत्ते टाकून माघार घ्यायची.

दोन महिन्यांनी आले. पुन्हा तसाच एक भेटला होता, यांनी आकडा मोजला, पत्ते टाकले.

"काय होतं त्याच्याकडे?"

"दाखवलंच नाही हो त्याने."

"मग?"

"मग काय, खोलीवर जाऊन पहाटेपर्यंत छताकडे बघत पडलो."

पुढचा सगळा तास आम्ही त्या छतावरच घालवला.