संधी आली तेव्हाच मुलाने माघार का घेतली?

"मुलगा वर्षभर राखीव खेळाडू म्हणून बसून राहतो, अभ्यासही मागे पडतो, त्याला खेळ सोडायला सांगावे का?" हा प्रश्न महाविद्यालयीन खेळाडूंचे पालक मला वारंवार विचारतात. कोल्हापुरात तो बहुधा फुटबॉलविषयी असतो. इथे तालीम मंडळांचे संघ हा पेठांमधल्या घराघरांतला विषय आहे, आणि इथला अनिकेत जाधव २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळल्यापासून पालकांच्या बोलण्यात त्याचे नावही येते. या प्रश्नामागे प्रत्येक वेळी निराशाच असते असे नाही, हे दाखवणारी एक हकिकत ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून येथे देत आहे.

मुलगा बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होता आणि महाविद्यालयाच्या संघाचा दुसरा गोलकीपर होता. वडील तरुणपणी एका तालमीकडून बचावफळीत खेळलेले. शिवाजी विद्यापीठाच्या रचनेत आधी कोल्हापूर, सांगली, सातारा अशा विभागीय स्पर्धा होतात, मग आंतरविभागीय स्पर्धा, आणि त्यातून पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी विद्यापीठाचा संघ निवडला जातो. विभागीय अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी सरावात पहिल्या गोलकीपरचे बोट दुखावले, म्हणजे ज्या संधीची घरचे सगळे वाट पाहत होते ती चालून आली. सामन्याच्या सकाळी मात्र मुलाने पोटात दुखत असल्याचे सांगितले आणि तो अंथरुणातून उठलाच नाही. एका बचावपटूला हातमोजे घालून गोलमध्ये उभे करावे लागले. संघ हरला, पण उपविजेता म्हणून पुढच्या फेरीत गेला. त्यानंतर मुलाने सराव सोडला, प्रॅक्टिकलला जाणे टाळले आणि घरात बोलणेही कमी केले. डॉक्टरांच्या तपासणीत काही निघाले नाही. इतके दिवस बसवून ठेवल्यामुळे त्याचा आत्मविश्वास गेला, असा निष्कर्ष काढून आईवडील माझ्याकडे आले होते.

निष्कर्ष चुकीचा वाटावा असा नव्हता. राखीव खेळाडूंमध्येही राखीव गोलकीपरची स्थिती सर्वांत अवघड असते. एका सामन्यात पाच खेळाडू बदलण्याची मुभा २०२२ पासून नियमांत कायमची झाली, पण तिचा लाभ आघाडीच्या आणि मधल्या फळीला होतो. दुखापत किंवा लाल कार्ड झाल्याशिवाय गोलकीपर सहसा कोणी बदलत नाही. वडील त्याला धीर देण्यासाठी २०१४ च्या विश्वचषकातील टिम क्रुलचे उदाहरण देत. कोस्टा रिकाविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात नेदरलँड्सने क्रुलला जादा वेळ संपता संपता केवळ पेनल्टी शूटआउटसाठी मैदानात उतरवले आणि त्याने दोन पेनल्टी अडवून सामना जिंकून दिला. मुलगा मला म्हणाला, "पप्पा हे सांगतात तेव्हा मला एवढंच ऐकू येतं, की बाकीची सगळी मिनिटं मी बसूनच राहायचं." शिवाय पुढच्याच उपांत्य सामन्यात बदलाची संधी शिल्लक नसल्याने क्रुल बाहेरच राहिला आणि नेदरलँड्स शूटआउटमध्ये हरले, हे अशी उदाहरणे देणारे सांगत नाहीत.

खरी गोष्ट मुलाशी एकट्याने बोलताना, आणि तीही बऱ्याच उशिरा बाहेर आली. पहिला गोलकीपर त्याचा जवळचा मित्र होता. सामन्यापूर्वी त्याला शॉट मारून तयार करण्याचे काम दुसऱ्या गोलकीपरचेच असते. "बाहेर बसून मी देवाला म्हणायचो, त्याच्या हातून एक तरी बॉल सुटू दे. त्या आठवड्यात म्हटलं, त्याला लागू दे. आणि मॅडम, ज्या शॉटवर त्याचं बोट गेलं तो माझाच होता." एवढे सांगून तो बराच वेळ रडला.

मनात वाईट विचार आला म्हणजे आपण ते कृत्य केलेच, किंवा विचारामुळेच ती घटना घडली, अशी विचार आणि कृती यांची गल्लत माणसे करतात. मानसशास्त्रज्ञ रॅकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात तिचा अभ्यास केला. अपराधी भावनेने ग्रासलेल्या माणसाला "असं काही नसतं रे" म्हणून ही गल्लत सुटत नाही. त्याला वाटते की समोरच्याला आपली बाजू नीट कळलीच नाही. म्हणून आम्ही तो सराव पुन्हा क्रमाने मांडला: शॉट कोठून मारायचे हे कोणी ठरवले होते, जोर नेहमीपेक्षा जास्त होता का, चेंडू हाताला कसा लागला. मग त्याला विचारले, की अशी इच्छा हंगामात किती वेळा मनात आली आणि त्यांपैकी किती वेळा काही घडले. तो गप्प झाला आणि नंतर किंचित हसला. जागा एकच आणि ती हवी असणारे दोघे, तेव्हा अशी इच्छा त्या जागेतूनच उपजते. ती मनात येणे म्हणजे मैत्री खोटी ठरणे नव्हे, हे त्याला हळूहळू पटू लागले.

ही कबुली मित्राला द्यावी असे मी सुचवले नव्हते. समोरचा दुखावलेला असताना असे सांगणे दर वेळी हिताचे ठरत नाही. त्याने स्वतःहून सांगितले, आणि मित्राने उत्तर दिले की पहिल्या वर्षी एका सीनियरविषयी त्यालाही हेच वाटत असे. प्रत्येक मित्र असे म्हणेलच, अशी खात्री मी कोणाला देणार नाही.

यानंतर तो प्रशिक्षकांकडे गेला. मी त्यांना फोन करावा अशी आईची इच्छा होती. मी नकार दिला, कारण या वयाच्या मुलाचा हा प्रश्न त्यानेच विचारायला हवा. "मला का खेळवत नाही?" असे न विचारता "माझ्यात काय कमी आहे?" असे विचारायचे, एवढे आम्ही ठरवले होते. उत्तर नेमके मिळाले: हात चांगले आहेत, पण क्रॉसवर, म्हणजे बाजूने गोलसमोर मारलेल्या चेंडूवर, गोलरेषा सोडून पुढे येत नाही आणि बचावपटूंना ओरडून सांगत नाही. वर्षभर हे त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि त्यानेही विचारले नव्हते. चुकलेल्या प्रॅक्टिकलसाठी तो जिमखान्याचे पत्र घेऊन विभागप्रमुखांना भेटला. वडिलांना मी एकच गोष्ट सांगितली: घरी आल्या आल्या "आज खेळवलं का?" हे विचारणे बंद करा.

आंतरविभागीय स्पर्धेत मित्राचे बोट अजून बांधलेलेच होते, त्यामुळे हा मुलगा खेळला. संघ पहिलाच सामना १–२ असा हरला; त्यातला एक गोल तो कॉर्नरवर पुढे न आल्यामुळेच झाला. विद्यापीठाच्या संघात त्याची निवड झाली नाही.

मूळ प्रश्नाकडे येते, तर बाकावर बसणे एवढ्याच कारणावरून खेळ सोडायला सांगू नये. आधी मुलाचे वागणे नेमके कोणत्या दिवसापासून बदलले ते पाहावे. या मुलाचे बदलणे बाकावर बसण्यापासून नव्हे, तर बाकावरून उठण्याची वेळ आली त्या दिवसापासून सुरू झाले होते, आणि आईवडिलांनी सांगितलेल्या हकिकतीतच ते होते. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप आणि जेवण बिघडलेले असेल, किंवा जगण्याविषयीच नकोसेपणाची भाषा येत असेल, तर मात्र खेळाची चर्चा बाजूला ठेवून लगेच मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. मानसिक आरोग्यासाठीच्या शासनाच्या टेलि-मानस या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांकही आहे.

तिसऱ्या वर्षी खेळायचे की नाही हे त्या मुलाने चौथ्या सत्राची परीक्षा संपल्यावर ठरवले. तो खेळतो आहे, आणि अजूनही बहुतेक सामन्यांत दुसराच गोलकीपर आहे.