ठराव लिहायच्या आधी

नव्या सरपंचबाईंना अनेक आशीर्वाद,

तुझा मेसेज वाचला. सगळ्यांना विचारून काम करायचंय पण ग्रामसभेत नुसता गोंधळ होतो आणि तेच चार जण बोलतात, असं लिहिलंयस. अगं, लोकं भांडखोर नसतात. तिथं आल्यावर त्यांना कळतं की सगळं आधीच ठरलंय, आपल्याला फक्त हात वर करायला बोलावलंय, मग राग निघणारच ना.

म्हणून ग्रामसभेच्या आधीच्या दिवसांवर जास्त मेहनत घे. महिला सभा ग्रामसभेच्या आधी घ्यायची असं कायद्यातच आहे, पण कितीतरी गावांत ती रजिस्टरवरच उरकतात, घरोघरी सह्या फिरवतात की झालं. तू स्वतः बस तिथे. वेळ बायकांनाच विचार, मजुरीच्या दिवसात दुपारी कोणी येणार नाही, आणि कुणाचाही नवरा, तुझासुद्धा, त्या खोलीत नको. नळाला किती वाजता पाणी येतं, शाळेच्या संडासाला कडी आहे का, हे तिथंच कळेल, मोठ्या सभेत कुणी सांगणार नाही.

गडचिरोलीतलं मेंढा-लेखा तुला माहीत असेलच, 2009 साली सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल गावाने मिळून वापरायचा आणि सांभाळायचा कायदेशीर हक्क, मिळालेलं गाव. त्यांची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे अभ्यास आणि निर्णय त्यांनी वेगळे ठेवले. अभ्यास गटात विषय समजून घ्यायचा, बाहेरचा जाणकारही बोलवायचा, वाद घालायचा, पण निर्णय तिथं होत नाही, तो ग्रामसभेतच आणि सर्वसहमतीने. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढे ढकलायचा, पुन्हा बोलायचं. तुझ्या गावात वाड्या जास्त, गट जास्त, सर्वसहमती लगेच जमेल असं मला नाही वाटत, पण अभ्यास गट उद्याही सुरू करता येईल. पाच-सात जण घे आणि त्यात तुझ्या विरोधात पॅनल उभं केलेला एक तरी असू दे, मुद्दाम.

पैशाचं मात्र आधी स्पष्ट सांग. केंद्राकडून ग्रामपंचायतीला येणाऱ्या 15व्या वित्त आयोगाच्या पैशात 60 टक्के निधी बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच. हे न सांगता लोकांना "काय हवंय" विचारलं की सगळे सभामंडप मागतात आणि नंतर फसवल्यासारखं वाटतं. एका फळ्यावर दोन रकाने कर, कुठला पैसा कशालाच वापरता येतो आणि कुठला आपण ठरवू शकतो, मग चर्चा सुरू कर. हिवरे बाजारला बघ, पाऊस मोजून गावात पाणी किती आहे त्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात आणि मग पिकांचं ठरतं. आकडा समोर असला की माणूस माणसाशी कमी भांडतो, हे मी खूप गावांत पाहिलंय.

ग्रामसभेचा कोरम, म्हणजे कमीत कमी हजेरी, 15 टक्के मतदार किंवा 100, जे कमी असेल ते. कोरमअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा घेतली की तिला कोरम लागत नाही, म्हणून पहिली सभा मुद्दाम पाडायची आणि दुसरीत दहा-बारा जणांत ठराव उरकायचे, ही पळवाट तुला कोणीतरी हमखास सुचवेल. घेऊ नकोस. कायद्यात बसेल, पण त्या ठरावाला गावात कोणी आपला म्हणणार नाही.

प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त, सभेतच लिही आणि उठायच्या आधी मोठ्याने वाचून दाखव, कोणी विरोध केला असेल तर त्याचं म्हणणंही लिहून घे, सूचक-अनुमोदकाची नावं तिथल्या तिथं. ग्रामसेवक म्हणतील नंतर फेअर करू, गोड बोलून नाही म्हण. आणि अजेंड्याच्या शेवटी "ऐनवेळी येणारे विषय" असतो ना, त्यात खर्चाचा एकही ठराव घेऊ नकोस, कितीही छोटा असो. लोकं घराकडे निघालेली असतात तेव्हाच तो विषय येतो. पुढच्या सभेच्या नोटिशीत टाक म्हणायचं.

2 ऑक्टोबरच्या सभेचा अजेंडा काढायच्या आधी मला पाठव, फोनवर बसून बघू.

तुझा काका