शिक्का वाच, पोरी

दांडिया बाजार, बडोदे

प्रिय पोरी,

काल तू झोपाळ्यावर बसून ती निळी फाईल उघडलीस आणि म्हणालीस, "काकू, एजंट सांगतो, युरोपात नव्वद दिवस झाले की एक दिवस लंडनला जाऊन यायचं, मग पुन्हा नव्वद मिळतात." मी चहा गाळत होते. गप्प बसले, कारण तोंड उघडलं असतं तर ओरडले असते आणि तुझी आई समोर होती. रात्री काही झोप लागली नाही. म्हणून हे पत्र.

जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. फाइन आर्ट्सची पोर, चित्रं बघत आठ महिने बाहेर राहावंसं वाटलं, त्यात समजावायचं काय? पैसे तू साठवलेस, आईचं मन तू वळवलंस. माझं भांडण त्या अलकापुरीतल्या एजंटशी आहे. आणि थोडं तुझ्याशीही, कारण एवढी शिकलेली मुलगी दुसऱ्याच्या तोंडचा नियम पाठ करून माझ्या घरी येते.

व्हिसा दारापर्यंत नेतो. आत किती दिवस, ते वेगळीकडे लिहिलेलं असतं. कधी शिक्क्यात, कधी स्टिकरच्या एका चौकटीत, हल्ली तर नुसतंच कॉम्प्युटरमध्ये. ते वाचायचं. शिक्का वाच. हॉटेल, विमान, म्युझियमची तिकिटं सगळं त्यानंतर.

तुझ्या युरोपचंच बघू. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतात ते युरोपातले देश. त्यात आता २९ देश आहेत आणि सगळ्यांचं मिळून खातं एकच. कुठल्याही १८० दिवसांत ९०. लिस्बनचे वेगळे, पॅरिसचे वेगळे असं नसतं. पूर्वी लोक दिवस वाचवायला क्रोएशियात जाऊन बसायचे. २०२३ च्या जानेवारीत क्रोएशिया आत आला, २०२५ च्या जानेवारीपासून रोमानिया आणि बल्गेरियाही पुरते आत आले. तुझ्या एजंटचं ज्ञान बहुधा त्याच्या आधीचं आहे.

आणि हे १८० दिवस तू उतरलीस की नव्याने सुरू होत नाहीत. रोज सकाळी उठून आजपासून मागे १८० मोजायचे आणि त्यातले किती दिवस आत होतीस ते बघायचं. आल्याचा दिवस धरायचा, गेल्याचाही धरायचा. समज, १ एप्रिलला उतरलीस. एप्रिलचे ३०, मेचे ३१, झाले ६१. उरले २९. २९ जून हा तुझा नव्वदावा दिवस, त्या रात्री बाराच्या आत बाहेर. मग लंडनला एक दिवस जाऊन आलीस तर आधीचे नव्वद कुठे जातात? कुठ्ठे जात नाहीत, तिथेच बसलेले असतात. १ एप्रिल हिशेबातून गळतो तो २८ सप्टेंबरला. त्याच्या आधी तुला एक दिवसही मिळत नाही. शिवाय लंडनला जायला ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो, हे त्या भल्या माणसाने सांगितलं का?

स्टिकर हातात आला की नीट बघ. त्यावर दोन तारखा असतात, पासून आणि पर्यंत, आणि वेगळ्या चौकटीत दिवसांचा आकडा. तारखांमध्ये सहा महिने असले आणि आकडा ४५ असला तर तुझे दिवस ४५. लोक तारखा वाचून नाचतात, आकडा वाचत नाहीत.

वाढवून मिळतात का, असं विचारलंस. मिळतात. इस्पितळात पडून असशील, विमानं बंद असतील, तसंच काही गंभीर असेल तर, आणि तेही मुदत संपायच्या आत मागितलं तर. मन रमलं, हे कारण चालत नाही.

"कोण मोजतंय" असंही हळूच म्हणालीस. मला अजून ऐकू येतं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सीमेवर प्रत्येक ये-जा यंत्रात नोंदवायला सुरुवात झाली आहे. पुसट शिक्क्यावर निभावून न्यायचे दिवस गेले.

आता माझं ऐक. तुझ्या आईला यातलं अर्धंच माहीत आहे.

२००७ च्या १२ जानेवारीला मी अमेरिकेत उतरले, सुनेच्या बाळंतपणाला. व्हिसा दहा वर्षांचा. निघताना इथल्याच एका एजंटला विचारलं होतं, किती राहता येईल? तो म्हणाला, "बेन, दस वरसनो विझा छे, चिंता शेनी?" तिथल्या अधिकाऱ्याने पासपोर्टात एक पांढरं कार्ड स्टेपल करून दिलं, आय-९४. त्यावर शिक्का आणि शिक्क्यावर निळ्या शाईत हाताने घातलेली तारीख, ११ जुलै. पासपोर्ट मी डिंकाच्या लाडवांच्या रिकाम्या डब्यात ठेवला होता, रबर लावून. तो डबा मी कितीदा उघडला असेल! कार्ड वाचलं एकदाही नाही. तीस वर्षं वर्गात "आधी प्रश्न नीट वाचा" म्हणून कोकलणारी बाई मी.

जुलैत सून कामावर रुजू झाली आणि बाळाला सांभाळणारी ऐनवेळी नाही म्हणाली. मुलगा म्हणाला, आई, तीन आठवडे थांब. थांबले. ३० जुलैला निघाले. १९ दिवस जास्त. विमानतळावर कोणी काही बोललं नाही. काउंटरवरच्या मुलीने कार्ड काढून घेतलं आणि मला खिडकीची जागा दिली, मी खूश.

२०१० मध्ये दुसऱ्या नातवाच्या वेळी त्याच व्हिसावर पुन्हा गेले. दहा वर्षांचा होता ना! पण मुदतीपेक्षा एक दिवस जरी जास्त राहिलं तरी तो व्हिसा आपोआप रद्द होतो, असा तिथला कायदा. स्टिकर पासपोर्टात तसाच चकचकीत, पण मेलेला. मला एका खोलीत बसवलं. मुलगा बाहेर कुठेतरी उभा होता, त्याला दोन तास कळलंच नाही. अधिकारी वाईट नव्हता, पाणी आणून दिलं त्याने. बॅगेत सुंठीच्या वड्या होत्या, त्या खायच्या आहेत की बाळंतिणीच्या हे त्याला समजावून सांगताना मला रडू आलं. दुसऱ्या दिवशीच्या विमानाने परत.

पुढे दोनदा मुंबईला व्हिसाची मुलाखत, दोनदा नकार. मुलगा-सुनेचीही ग्रीन कार्डाची भानगड अडकलेली, त्यांना निघता येईना. तो नातू मी पहिल्यांदा कुशीत घेतला २०१५ मध्ये, पाच वर्षांचा झाल्यावर. कुशीत कसला, तो माझ्याशी हात मिळवायला पुढे आला. १८० दिवसांहून जास्त राहिले असते तर तीन वर्षं, वर्षभराहून जास्त तर दहा वर्षं बंदी बसते. "त्यातून तुम्ही वाचलात," असं वकील म्हणाला. वाचले!

उपाय होता गं. मुदत वाढवून मागायला आय-५३९ नावाचा अर्ज असतो. मुदत संपायच्या किमान ४५ दिवस आधी करा, असं ते लोक स्वतःच सांगतात. कारण लिहायचं, फी भरायची, परतीचं तिकीट आणि खर्चाची सोय दाखवायची. मुदतवाढ मिळालीही असती. मी मागितलंच नाही, कारण मागायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. मुलगा एवढा इंजिनिअर, त्यानेही बघितलं नाही. त्याला मी आजवर एका शब्दाने बोललेले नाही. बाळंतिणीच्या घरात तारखा कोण बघतं? दुसरी कोणी असती तर तीही थांबलीच असती. पण कार्डावर नाव माझं होतं.

तेव्हापासून अर्ध्या गल्लीचे पासपोर्ट माझ्याकडे येतात. लोक हसतात, काकूंचं शिक्का-पुराण सुरू झालं म्हणून. हसू देत. आता अमेरिकेला विमानाने जाणाऱ्याला ते कार्डही हातात देत नाहीत, २०१३ पासून आय-९४ इंटरनेटवर असतं, उतरल्यावर आपणच काढून बघायचं. शिक्का दिसत नाही म्हणून वाचायचा नाही, असं नसतं. कॅनडात शिक्क्याबरोबर तारीख लिहिलेली नसेल तर उतरल्यापासून सहा महिने धरतात. ब्रिटनचा दहा वर्षांचा घेतलास तरी एका वेळी सहाच महिने. ऑस्ट्रेलियाचा तर स्टिकरच नसतो, पत्र येतं. त्यात ८५०३ हा आकडा दिसला की तिथे बसून मुदत वाढवायचा विषय संपला. त्या पत्राचं पहिलं पान वाचून दुसरं न उघडणारे सुशिक्षित लोक मी पाहिलेत.

मधले तीन महिने थायलंडला काढीन, म्हणालीस. हे मात्र बरं सुचलं तुला. तिथे मुदतवाढ मिळते, इमिग्रेशनच्या ऑफिसात टीएम ७ फॉर्म, फोटो आणि १,९०० बात. पण तू राहायला आल्याची खबर घरमालकाने २४ तासांत द्यायची असते, तिला टीएम ३० म्हणतात. ती दिलेली नसली तर खिडकीवरून परत पाठवतात. खोली बघायला गेलीस की भाडं विचारायच्या आधी हे विचार. उशीर झाला तर दिवसाला ५०० बात दंड, जास्तीत जास्त २०,०००. दंड भरला की झालं, असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नकोस. पासपोर्टात नोंद राहते आणि पुढच्या प्रत्येक खिडकीवर तिचं उत्तर तुलाच द्यायचं असतं.

आणि आठही महिने युरोपच हवा असेल तर सरळ मोठ्या दाराने जा. ९० दिवसांपुढे त्या त्या देशाचा लांब मुदतीचा व्हिसा असतो, अर्ज इथूनच करायचा. फ्रान्स देतो, पण खर्चाची ऐपत दाखवावी लागते आणि तिथे काम करणार नाही असं लिहून द्यावं लागतं. तू तर लॅपटॉपवर पुस्तकांची चित्रं काढून देत राहणार, मग तो तुझ्या उपयोगाचा नाही. पोर्तुगालने २०२२ च्या ऑक्टोबरपासून दूर बसून काम करणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा काढलाय. त्याला तिथल्या किमान वेतनाच्या चौपट कमाई दाखवावी लागते. तुझी तेवढी आहे का, ते तू बघ. नसेल तर नव्वद दिवसांत बसव. नव्वद दिवस थोडे झाले का? आमच्या पिढीने काशीला जाऊन तीन दिवसांत परत यायचं असायचं.

हे मागणं, परवानग्या घेणं तुला अपमानाचं वाटतं, हे काल तुझ्या चेहऱ्यावर दिसलं. मलाही वाटायचं. आपले सयाजीराव महाराज १८८७ मध्ये पहिल्यांदा युरोपला गेले, पुढे कितीतरी वेळा. १९०० साली व्हाइसरॉय कर्झनने परिपत्रक काढलं, संस्थानिकांनी परदेशी जायच्या आधी सरकारची परवानगी घ्यावी म्हणून. रोख आपल्या महाराजांवरच होता, असं म्हणतात. लक्ष्मी विलास राजवाड्यात राहणाऱ्या माणसालाही विचारून जावं लागलं. आपण दोघी तर दांडिया बाजारातल्या.

गुरुवारी संध्याकाळी ये. पासपोर्ट आण, फाईल आण आणि तुमच्या भिंतीवरचं कॅलेंडर आण, माझं दुधाच्या हिशेबाने भरलंय. १८० चौकोन तुझ्याकडून बोटाने मोजून घेणार आहे. युरोपच्या सरकारी साईटवर कॅल्क्युलेटर आहे, तो मला माहीत आहे, तो नंतर. लीलो चेवडो आणू नकोस, डॉक्टरांनी बंद केलाय. आणलासच तर थोडा आण.

माझा जुना पासपोर्ट काढून ठेवलाय. कार्ड त्यांनी नेलं, पान राहिलं. त्यावर स्टेपलची दोन बारीक भोकं आहेत, ती बघून घे.

तुझी,
काकू

ता.क. एजंटला आगाऊ किती दिलेस? आईसमोर नको, गुरुवारी कानात सांग.