होम्सच्या गोष्टी क्रमशः का नाहीत?

प्रश्न: आजोबांच्या ट्रंकेत शेरलॉक होम्सच्या गोष्टी सापडल्या. मासिकात यायच्या म्हणतात, मग प्रत्येक गोष्ट तिथंच कशी काय संपते? – एक वाचक, सोलापूर

उत्तर: अहो, तीच तर होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल यांची हुशारी! लंडनचं स्ट्रँड मासिक जानेवारी १८९१ ला निघालं, किंमत सहा पेन्स, चित्रं भरपूर. तेव्हा क्रमशः कादंबऱ्यांची चलती होती पण एक अंक चुकला की धागाच तुटायचा, म्हणून डॉयलनी ठरवलं की माणूस तोच ठेवायचा आणि गोष्ट मात्र त्याच अंकात पुरी करायची, जुलै १८९१ पासून तसं सुरू झालं. सोलापूर स्टेशनवर वाचायला सुरुवात केली तर पुणं यायच्या आत एक गोष्ट आरामात संपते बघा. आणि सिडनी पॅजेटची चित्रं असलेली प्रत मिळाली तर सोडूच नका, मला तर होम्स त्या चित्रांमुळंच डोळ्यासमोर दिसतो.